नदीचें ऋण आणि नदीचा उत्सव

महाराष्ट्रांत नदीला नुसत्या नांवानें हांक मारण्याची चाल नाहीं. वाईची कृष्णा ही ‘कृष्णाबाई’ होते, नाशिकची गोदावरी ‘गोदामाई’ होते, आणि पंढरपूरच्या भीमेस तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळें ‘चंद्रभागा’ हें लाडकें नांव मिळतें. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रीशीं जें नातें असतें, तेंच ह्या नांवांनीं नदीशीं जोडिलें जातें. तिची ओटी भरावयाची, तिच्या पाण्यांत दिवे सोडावयाचे, आणि मनुष्याच्या अस्थीही अखेर तिच्याच स्वाधीन करावयाच्या, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. हें नातें अद्याप तुटलेलें नाहीं. पालटलें आहे तें नदीचें रूप. ज्या पाण्यास हात जोडावयाचे त्याच पाण्यांत गांवाचीं गटारें मोकळीं होतात, आणि ज्या घाटावर कीर्तन व्हावयाचें तेथें नाकास पदर लावून उभें राहावें लागतें. अशा स्थितींत कांठावर जमून नदीचीं गाणीं गाणें, तिच्या कथा सांगणें, तिचीं चित्रें काढणें, ह्यास कांहीं अर्थ उरतो काय? कीं तो केवळ मनाच्या समाधानाचा एक प्रकार आहे? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर वऱ्हाडाकडे वळावें. कारण तेथें नदीच्या सन्मानाचा प्रयोग शंभर वर्षांपूर्वींही झाला, आणि अगदीं अलीकडेही झाला.

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं, वरूड तालुक्यांत शेंदूरजनाघाट हें गांव आहे. संत्र्यांच्या बागा आणि संत्र्यांचीं कलमें ह्यांविषयीं त्याची प्रसिद्धि आहे. त्याच्या पाठीशीं असलेली डोंगरांची रांग ओलांडली कीं मध्यप्रदेशांतील मुलताईचा उंच प्रदेश लागतो. ह्या प्रदेशाचें एक मोठें वैशिष्ट्य आहे. तेथें पडलेल्या पावसाचा एक भाग तापी होऊन पश्चिमेस वळतो, आणि सुमारें ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्रास मिळतो. दुसरा भाग वर्धा नदी होऊन दक्षिणेकडे उतरतो, वैनगंगेस भेटून प्राणहिता हें नांव धारण करितो, आणि गोदावरीच्या ओंजळींतून बंगालच्या उपसागरास पोंचतो. वरूड तालुक्यांतील ओढेनाले वर्धेच्या कुटुंबांतले. तर अकोल्याची मोर्णा, अमरावतीजवळची पेढी आणि ह्या दोघींना पोटांत घेणारी पूर्णा, ह्या तापीच्या कुटुंबांतल्या. म्हणजे वऱ्हाडचा मनुष्य आपल्या अंगणांतील पाणी दोन समुद्रांकडे धाडीत असतो. त्या पाण्यांत त्यानें जें टाकिलें, तेंही तितक्याच दूरच्या वाटेस लागतें.

मुलताईस दर वर्षीं आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मोत्सव होतो. तापी ही सूर्याची कन्या मानिली आहे, आणि महाभारताच्या आदिपर्वांत जिची कथा आहे ती तपती आणि ही नदी एकच, असें परंपरा मानते. ती कथा सांगण्याचा प्रसंगही नदीकांठचाच आहे. गंगेच्या तीरावर एक गंधर्व अर्जुनास ‘तापत्य’ असें संबोधितो. आपण तर कुंतीचे पुत्र, मग हें नांव कोठून आलें, असें अर्जुन विचारतो, तेव्हां गंधर्व त्यास कुरुवंशाच्या ह्या मूळमातेची गोष्ट सांगतो. संवरण राजानें तपतीस डोंगरावर पाहिलें, तिच्यासाठीं सूर्याची आराधना केली, आणि वसिष्ठांच्या मध्यस्थीनें ती त्यास प्राप्त झाली. पुढें तो तिच्या सहवासांत इतका रमला कीं बारा वर्षें राज्याकडे फिरकला नाहीं. आणि त्या बारा वर्षांत त्याच्या राज्यांत पाऊस पडला नाहीं. प्रजा अन्नास महाग झाली. अखेर वसिष्ठांनीं राजाराणीस राजधानींत परत आणिलें, तेव्हां कोठें मेघ वळले. कथा जुनी आहे, परंतु तिच्यांतील इशारा आजच्या उपयोगाचा आहे. नदीवर मनापासून प्रेम करणारा मनुष्यही आपलें कर्तव्य विसरला तर प्रजेच्या वांट्यास दुष्काळच येतो. नदीच्या प्रत्येक उत्सवास हीच कसोटी लाविली पाहिजे.

उत्सवांची उणीव महाराष्ट्रांत नाहीं. वाईस कृष्णाबाईचा उत्सव निरनिराळ्या घाटांवर पाळीपाळीनें होतो. कीर्तनें, गायन आणि प्रसादाच्या पंक्ति ह्यांनीं घाट गजबजून जातो. ह्या उत्सवाचा संबंध अफझलखानाच्या स्वारीच्या वेळीं केलेल्या नवसाशीं परंपरा जोडते. वऱ्हाडांत अकोल्याची कावडयात्रा तितकीच लोकप्रिय आहे. ती १९४४ सालापासून चालत आली आहे, असें मानितात. श्रावणांतील शेवटच्या सोमवारच्या यात्रेसाठीं अकोल्याचे भक्तगण गांधीग्राम येथें पूर्णेच्या कांठीं जातात, कावडींना बांधलेल्या घागरींत तिचें पाणी भरितात, आणि सुमारें १८ किलोमीटर अनवाणी चालून राजराजेश्वराच्या मंदिरांत त्या पाण्याचा अभिषेक करितात. शृंगारलेल्या पालख्या, गल्लोगल्लींच्या मंडळांनीं रचिलेले देखावे, ढोलताशांचा गजर आणि रस्त्याच्या दुतर्फा जागणारें शहर, असा तो सोहळा असतो.

ह्या यात्रेंत कलाही आहे, श्रमही आहेत आणि पाण्याविषयींची निष्ठाही आहे. भरलेली घागर खांद्यावर घेऊन रात्रभर चालणारा मनुष्य पाण्याचें मोल जाणतो, ह्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच अकोला शहराच्या मध्यांतून मोर्णा वाहते. शहराचें सांडपाणी वर्षानुवर्षें तिच्यांत उतरत आलें, आणि मोर्णा पुढें जाऊन पूर्णेलाच मिळते. एका नदीचें पाणी खांद्यावर मिरवावयाचें आणि दुसरीकडे पाठ फिरवावयाची, हीं दोन कृत्यें मनुष्यास निराळीं वाटलीं तरी नदीच्या वहीखात्यांत त्यांची नोंद एकाच पानावर होते.

त्या वहीखात्याची सरकारी प्रतही उपलब्ध आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील नद्यांचे ३५१ पट्टे प्रदूषित म्हणून नोंदविले. त्यांपैकीं ५३ एकट्या महाराष्ट्रांत होते. इतकी मोठी संख्या दुसऱ्या कोणत्याही राज्याची नव्हती. पूर्णा आणि पेढी ह्या वऱ्हाडांतील नद्यांचीं नांवें त्या यादींत आलीं. २०२२ च्या पाहणींत देशाचा आंकडा ३११ पर्यंत उतरला. महाराष्ट्राचा मात्र ५५ झाला.

आतां ‘प्रदूषित’ म्हणजे काय, हें घरगुती हिशेबानें समजून घेणें बरें. मासा, बेडूक, शिंपला, पाण्यांतील किडा, हे सर्व पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. पंचवीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत हा वायु फार झाला तर आठ मिलिग्रॅमांच्या आसपास मावतो. मैल्यांतील कुजकें द्रव्य खाऊन टाकणारे सूक्ष्म जंतु हाच प्राणवायु खर्च करीत असतात. हा खर्च किती होतो, तें मोजून पाण्याची अशुद्धता ठरविण्याची रीत आहे. स्नानास योग्य अशा पाण्यांत तो लिटरमागें ३ मिलिग्रॅमांहून अधिक असूं नये, असा दंडक आहे. तो ३० च्या पलीकडे गेला कीं नदीचा तो पट्टा पहिल्या, म्हणजे सर्वांत बिघडलेल्या वर्गांत पडतो. आणि घरांतून निघणाऱ्या कच्च्या सांडपाण्यांत हा आंकडा सामान्यतः २०० ते ३०० असतो.

शहरी पाणीपुरवठ्याची योजना आंखतांना माणशीं दररोज १३५ लिटर पाणी धरितात. त्यांतील सुमारें चार पंचमांश भाग मोरी, न्हाणीघर आणि शौचकूप ह्यांतून बाहेर पडतो. पांच माणसांच्या एका सुखवस्तु घराचें हें रोजचें सुमारें ५४० लिटर सांडपाणी झालें. असलें एक घागर पाणी स्नानास योग्य व्हावयाचें तर त्यांत जवळजवळ शंभर घागरी निर्मळ पाणी मिसळावें लागतें. म्हणजे शुद्धीकरणावांचून सोडिलेल्या एका घराच्या सांडपाण्यासाठीं नदीनें दररोज पन्नास हजार लिटरांहून अधिक पाणी खर्ची घालावें, अशी अपेक्षा होते. ज्या घरांत पिण्याचें पाणी गाळून, उकळून, झांकून ठेविलें जातें, त्याच घराची ही दुसरी बाजू आहे. ती घराच्या भिंतीबाहेर असल्यामुळें दिसत नाहीं, एवढेंच.

आणि तितकें निर्मळ पाणी नदीपाशीं तरी कोठून असणार? पावसाळा सरल्यावर नदी वाहते ती जमिनींत मुरलेल्या पाण्याच्या बळावर. विहिरी आणि बोअर जसजशा खोल जातात, तसतसा नदीस मिळणारा हा झरा आटत जातो. वरूड तालुक्यांत संत्र्याच्या बागांसाठीं भूजलाचा इतका उपसा झाला कीं भूजलाच्या सरकारी पाहण्यांत तो अतिशोषित ठरला. संत्र्याची बाग आणि नदी ह्या दोघी एकाच सांठ्यावर जगतात, ही गोष्ट त्या भागांतील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. विहिरीच्या दोरानें ती त्यास केव्हांच शिकविली आहे. झरा आटला कीं उन्हाळ्यांत पात्रांतून जें वाहतें, तें बहुधा वस्तीचें सांडपाणीच असतें. त्यावर जलपर्णी माजते. ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेंतली. तिच्या सुंदर जांभळ्या फुलांच्या मोहानें ती जगभर नेली गेली. मैलापाण्यांतील नत्र आणि स्फुरद हें तिचें खाद्य. अनुकूल स्थितींत दोन आठवड्यांच्या आंत ती दुप्पट होऊं शकते. पाण्यावर तिचा गालिचा पसरला कीं खालीं प्रकाश पोंचत नाहीं, आणि उरलासुरला प्राणवायुही संपतो.

अशाच रीतीनें जलपर्णीनें झांकलेल्या मोर्णेसाठीं १३ जानेवारी २०१८ रोजीं, संक्रांतीच्या आदल्या दिवशीं, अकोला शहर घराबाहेर पडलें. जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकारानें निघालेल्या ह्या मोहिमेंत पहिल्या टप्प्यास चार किलोमीटरांच्या पट्ट्यांत दोन्ही तीरांवर चौदा ठिकाणीं काम झालें. सहा हजारांहून अधिक नागरिक आणि शंभराहून अधिक संस्था तींत होत्या. शाळेंतील मुलें, महाविद्यालयीन विद्यार्थी, गृहिणी, वृद्ध, सर्व एका रांगेंत उभे राहिले. २० जानेवारीस पुन्हां तसाच मेळा जमला, आणि दर शनिवारीं सकाळीं काम चालू ठेवण्याचा संकल्प झाला. २८ जानेवारी रोजीं पंतप्रधानांनीं ‘मन की बात’ ह्या आकाशवाणीवरील भाषणांत मोर्णेचें नांव घेतलें, आणि एका लहानशा वऱ्हाडी नदीची कथा देशभर ऐकूं गेली.

त्या दिवसांत जें घडलें त्याचें मोल कमी लेखूं नये. पुलावरून रोज जाणाऱ्या हजारों लोकांनीं मोर्णा प्रथमच खालीं उतरून पाहिली. जिला नाला समजून टाळावयाचें, ती नदी आहे, तिला उगम आहे, तिच्या कांठीं असदगडासारखा किल्ला आहे, ह्याची ओळख नव्या पिढीस झाली. परंतु पुढील काळांत जलपर्णी मोर्णेंत पुन्हां दिसूं लागली. ह्यांत श्रम करणाऱ्यांचा कांहीं अपराध नव्हता. वर सांगितलेला हिशेब ध्यानांत घेतला म्हणजे कारण उघड होतें. वनस्पति काढली तरी तिचें खाद्य घेऊन येणारीं गटारें जोंवर वाहत आहेत, तोंवर ती परत येणारच. ताप उतरविणारें औषध आणि रोग बरा करणारें औषध ह्यांत जो भेद, तोच येथें आहे. सहा हजार हातांनीं नदीची काया पुसली. तिच्या पोटांत जाणारें विष थांबविण्याचें काम हातांचें नव्हतें. तें नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचें, भूमिगत गटारांचें आणि वर्षानुवर्षें न थकतां चालणाऱ्या शुद्धीकरणकेंद्रांचें होतें.

मग लोकांच्या मेळ्याचें, गाण्याचें, कथेचें काम तें कोणतें? ह्याचें उत्तर वऱ्हाडानें फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें झाला. त्याच जिल्ह्यांत पूर्णेच्या कांठीं ऋणमोचन नांवाचें क्षेत्र आहे. पौष महिन्यांतील रविवारीं तेथें यात्रा भरते, आणि नदींत स्नान केल्यानें मनुष्य ऋणांतून मोकळा होतो अशी भाविकांची श्रद्धा आहे. बाबा ह्या यात्रेंत जात ते खराटा घेऊन. यात्रेकरूंनीं पुण्य जोडावें, आणि बाबांनीं त्यांच्या पायांखालची घाण उचलावी. त्याच पूर्णेवर १९०८ सालीं त्यांनीं घाट बांधविला. ज्या कांठावर लोक केवळ देवाकडे पाहत उतरत होते, त्या कांठाकडे पाहण्याची दृष्टि ह्या एका मनुष्यानें दिली.

बाबांचें कीर्तन ही उच्च प्रतीची कला होती, हें येथें विसरतां कामा नये. बोली अस्सल वऱ्हाडी. प्रश्न श्रोत्यांस विचारावयाचा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढावयाचें. हंसवितां हंसवितां अशी चिमटी घ्यावयाची कीं मनुष्य घरीं जाऊनही ती चोळीत बसावा. परंतु ह्या कलेचा क्रम ठरलेला असे. दिवसा गांव झाडावयाचें आणि रात्रीं कीर्तन करावयाचें. श्रोता बसे तो झाडलेल्या जागेवर बसे, आणि ती जागा कोणी झाडली हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें असे. म्हणून शब्दाला वजन येई. खराट्यावांचून कीर्तन हें नुसतें रंजन झालें असतें. कीर्तनावांचून खराटा ही एका मनुष्याची मजुरी राहिली असती. दोहोंचा मेळ झाला तेव्हां त्यांतून घाट उभे राहिले, धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि लोकांना देणगी देण्याची बुद्धि झाली. त्याच जिल्ह्यांतील तुकडोजी महाराजांनींही पुढें खंजिरीच्या तालावर हीच परंपरा चालविली. भजन आणि ग्रामसफाई ही त्यांच्या शिकवणींत एकाच दिनक्रमाचीं अंगें आहेत. गाडगेबाबांनीं २० डिसेंबर १९५६ रोजीं देह ठेविला तो अमरावतीजवळ वलगांव येथें, पेढी नदीच्या सान्निध्यांत. स्वच्छतेच्या ह्या महापुरुषाचा शेवटचा श्वास ज्या नदीजवळ गेला, तिचें नांव बासष्ट वर्षांनीं प्रदूषितांच्या यादींत यावें, ही गोष्ट वऱ्हाडानें मनास लावून घ्यावी अशीच आहे.

वऱ्हाडांत जें कीर्तनानें केलें, तें साता समुद्रांपलीकडे गाण्यानें केल्याचें उदाहरण आहे. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहराशेजारून हडसन नदी वाहते. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती शहरांच्या मैल्यानें आणि कारखान्यांच्या रसायनांनीं नासली होती. पीट सीगर नांवाच्या लोकगायकानें आणि त्याच्या मित्रांनीं वर्गणी गोळा करून ‘क्लिअरवॉटर’ हें शिडाचें गलबत बांधविलें. तें १९६९ सालीं पाण्यांत उतरलें. गलबत कांठच्या गांवोगांवीं थांबे. गाणीं होत, नदीच्या जुन्या गोष्टी सांगितल्या जात, मुलांना जाळें टाकून मासे दाखविले जात. ज्या नदीकडे लोकांनीं पाठ फिरविली होती, तिच्या कांठीं ते पुन्हां जमूं लागले. जमलेले लोक मग मागण्या करूं लागले. १९७२ सालीं त्या देशांत जलशुद्धतेचा कडक कायदा झाला, आणि त्यासाठीं लोकमत जागें करणाऱ्यांत हे गाणारे लोकही होते. नदीच्या तळाशीं सांठलेला कारखान्याचा विषारी गाळ उपसण्याचें काम मात्र २००९ सालीं सुरू होऊन २०१५ पर्यंत चाललें. पहिल्या गाण्यापासून गाळ निघेपर्यंत चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला. सीगर २०१४ सालीं, चौऱ्याण्णवाव्या वर्षीं, वारला. गाण्यानें पाणी शुद्ध झालें नाहीं; परंतु चाळीस वर्षें माणसांना त्या पाण्यापाशीं धरून ठेवण्याचें काम गाण्यानें केलें. कायदा, पैसा आणि यंत्रें हीं मागाहून आलीं.

महाराष्ट्रांत कायद्याची वाण नाहीं. जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६९ सालचा, आणि अखिल भारताचा १९७४ सालचा. उणीव भासते ती, कायद्याची आठवण ठेवणाऱ्या लोकांची. ती भरून काढण्याचे प्रयत्न अलीकडे होऊं लागले आहेत. २ ऑक्टोबर २०२२ रोजीं वर्ध्याजवळ सेवाग्राम येथें ‘चला जाणूया नदीला’ ह्या राज्यव्यापी अभियानाचा आरंभ झाला. प्रारंभीं ७५ नद्या निवडण्यांत आल्या, आणि नदीच्या कांठाकांठानें चालत जाऊन गांवकऱ्यांशीं बोलावयाचें, अशा संवादयात्रांची त्यांत योजना होती. पुण्यांत ‘जीवितनदी’ ही संस्था मुळामुठेच्या तीरावर नदीफेऱ्या काढते. अशा फेरींत चालतां चालतां घाटाचा इतिहास, कांठचें झाड, पाण्यावरचा पक्षी आणि गटाराचें तोंड, सारेंच दाखविलें जातें. चांगल्या नदीकथेंत गटाराचें तोंडही यावें लागतें, हा ह्या फेऱ्यांचा खरा धडा आहे.

ह्या सर्व उदाहरणांवरून नदीच्या मेळ्याचीं तीन कामें ठरतात. पहिलें काम ओळख करून देण्याचें. ज्यांनीं नदी वाहती पाहिली ते वृद्ध स्त्रीपुरुष आजही गांवोगांवीं आहेत. कोणत्या डोहाचें नांव काय, कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिके, कोणता मासा कोठें मिळे, गौरी कोठें बोळवीत, हें त्यांच्या स्मृतींत आहे, कागदावर नाहीं. त्यांना कांठावर बोलावून मुलांसमोर बोलतें करणें आणि तें लिहून घेणें, ही कथाकथनाची सर्वांत उपयुक्त रीत होय. पुढील पिढीस नदी परत मागावयाची असेल तर काय मागावयाचें, हें तिला ह्याच लेखांतून कळेल.

दुसरें काम खरें सांगण्याचें. दंडार, भारूड, गोंधळ हे प्रकार वऱ्हाडांतील लोकांच्या अंगवळणीं पडलेले आहेत, आणि वर्मावर बोट ठेवण्याची मुभा त्यांत जुनीच आहे. भारुडांतील सोंगानें गांवच्या पाटलासही ऐकविलें, तें त्यानें नगराध्यक्षास ऐकवावयास हरकत नाहीं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडांत मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणतात. त्यांत सासर आणि माहेर ह्यांचीं सुखदुःखें असतात. पर्वतांतलें माहेर सोडून आलेल्या नदीचा सासुरवास त्याच चालींवर नव्यानें बांधतां येण्याजोगा आहे. सप्टेंबराचा चौथा रविवार हा २००५ सालापासून जागतिक नदीदिन म्हणून पाळिला जातो, तोही बहुधा ह्याच दिवसांत येतो. तेव्हां पाऊस नुकताच ओसरलेला असतो, आणि नदी आपलें मूळचें रूप थोडे दिवस दाखवीत असते.

तिसरें काम हिशेब ठेवण्याचें, आणि तें सर्वांत अधिक टाळिलें जातें. देवस्थानाच्या उत्सवाच्या शेवटीं जमाखर्च वाचून दाखविण्याची चाल आहे. तसाच नदीच्या मेळ्यांत पाण्याचा जमाखर्च वाचला जावा. गेल्या वर्षीं पाण्यांत प्राणवायु किती होता, ह्या वर्षीं किती आहे. गटारांचीं किती तोंडें नदींत उघडत होतीं, किती बंद झालीं. शुद्धीकरणकेंद्र वर्षांत किती दिवस चाललें. ह्या चार ओळी दर वर्षीं त्याच घाटावर, त्याच लोकांसमोर वाचल्या गेल्या, तर कोणत्याही नगरपालिकेस त्यांचा विसर पडणें कठीण जाईल. आरतीनंतर पांच मिनिटें पुरतात.

एक पथ्य मात्र पाळावें लागेल. नदीच्या सन्मानानें नदीस इजा होतां कामा नये. प्लॅस्टरची मूर्ति पाण्यांत विरघळत नाहीं, रासायनिक रंग विषारी असतात, प्लॅस्टिकच्या द्रोणांतला दिवा विझल्यावर द्रोण तसाच उरतो. मूर्तिविसर्जनाविषयीं केंद्रीय मंडळाचे नियम २०१० सालीं झाले आणि २०२० सालीं सुधारले गेले. शाडूची मूर्ति, पानांचा द्रोण आणि हळदीकुंकवाचा रंग हें सर्व जुन्या वऱ्हाडी घरांस परिचितच आहे. त्यासाठीं नवें कांहीं शिकावें लागत नाहीं, विसरलेलें तेवढें आठवावें लागतें.

‘घाट’ ह्या एकाच शब्दानें मराठी मनुष्य डोंगरांतली वाटही दाखवितो आणि नदीच्या पायऱ्याही. सातपुड्याच्या कुशींतील शेंदूरजनाघाटासारख्या गांवास पहिला घाट निसर्गानेंच दिला आहे. तेथून उतरणारें पाणी जेथें माणसांस प्रथम भेटतें, तेथें दुसरा घाट गांवानें उभारावयाचा असतो. तो दगडाचा असलाच पाहिजे असें नाहीं. जेथें वर्षांतून एकदां गांव जमतें, जुन्या माणसांचें ऐकतें, मुलांकडून गाऊन घेतें आणि पाण्याचा हिशेब विचारतें, ती जागा घाटच होय.

पूर्णेच्या कांठच्या त्या क्षेत्राचें ‘ऋणमोचन’ हें नांव फार अर्थपूर्ण आहे. नदींत एकदां बुडी मारली कीं ऋण फिटतें, अशी समजूत घेऊन लोक तेथें गेले. गाडगेबाबा त्याच पाण्यापाशीं गेले, आणि नदीचें ऋण खराट्यानें फेडीत राहिले. ज्या शहरी घरांतून दररोज पांचशें लिटर सांडपाणी नदीकडे जातें, त्या घरावर हें ऋण दररोज चढत असतें. उत्सव हा त्या ऋणाची आठवण करून देणारा दिवस होय. फेड वर्षाच्या उरलेल्या दिवसांत व्हावयाची असते.